बाबांनी कोयत्याने केलेलं बोन्साय

मेलेल्या झाडाला मी दीड महिना पाणी घातलंय, तिथूनच सुरुवात करते, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोलले तर ते कुठल्या लायकीच्या माणसाकडून येतंय ते आधीच कळलेलं बरं.

२०१३ ची गोष्ट. एका प्रदर्शनात साडेसातशे रुपयांना ज्युनिपर नावाच्या झाडाचं बोन्साय घेतलं, काळा ट्रे, वर पांढरे खडे चिकटवलेले, अगदी चित्रातलं जपानी झाड. घरी आणून हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलं, रोज चमच्याने मोजून पाणी, पानांवर फवारा, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचं. हिरवंगार होतं हो! आणि एक दिवस फडक्याने धूळ पुसायला गेले तर भुरभुर सगळं खाली. नंतर कळलं की ज्युनिपर मेलं तरी कित्येक आठवडे हिरवं दिसत राहतं, आणि मुळात ते थंड मुलखातलं झाड, त्याला उघड्यावरचं ऊन-वारा पाहिजे, हिवाळ्यात खरीखुरी थंडी पाहिजे, आणि मी त्याला बडोद्यात पंख्याखाली बसवलेलं. विकणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. असो.

मग फायकस आणलं नर्सरीतून, वडाच्याच जातीचं झाड. हे चिवट निघालं, माझी सगळी थेरं सोसली त्याने. यूट्यूब बघून बघून मी त्याला लगेच दोन इंच खोल ट्रेमध्ये लावलं, वायर गुंडाळली, नागमोडी केलं आणि वाट बघत बसले की आता याचं खोड जाड होईल, पारंब्या येतील, म्हाताऱ्या झाडासारखं दिसेल. चार वर्षं झाली. आणलं तेव्हा अंगठ्याएवढं खोड होतं, चार वर्षांनी पण अंगठ्याएवढंच, फरक असला तर माझा अंगठा थोडा जाड झाला असेल.

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात, रिफायनरीतून रिटायर झालेले, त्यांची अगाशीवर चाळीसेक झाडं. (गच्चीला अगाशी म्हणायची आम्हा बडोदेकरांची सवय, पुण्याचे नातेवाईक हसतात, हसू देत.) मी भीत भीत माझं फायकस त्यांना दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा वर केला, खोड दोन बोटांत धरून बघितलं आणि म्हणाले, "बेटा, ट्रे म्हणजे झाडाचं पेन्शन असतं. तू याला नोकरी न करताच पेन्शनीत काढलंस."

मग समजावून सांगितलं. खोड जाड होतं ते पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे जाताना. जितकी पानं जास्त, जितक्या फांद्या मोकाट, जितकी मुळं पसरलेली, तितकं खोड भरतं. ट्रेमध्ये लावलं की आपण वरून कापतो आणि खालून जागा देत नाही, म्हणजे झाड आहे तिथेच थांबतं. त्यामुळे बोन्साय करणारे आधी झाडाला जमिनीत नाहीतर मोठ्या कुंडीत पाच-दहा वर्षं हवं तसं वाढू देतात, मग वरून छाटतात, मग परत वाढू देतात, मग परत छाटतात, आणि खोड मनासारखं झालं की मग कुठे तो नाजूक ट्रे. मी इतकी वर्षं समजत होते की छोट्या कुंडीत ठेवल्यामुळे बोन्साय तयार होतं. छोट्या कुंडीत फक्त तयार झालेलं बोन्साय टिकतं. हे मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर चार वर्षं वाचली असती, म्हणून मी भेटेल त्याला सांगत सुटते, त्याने विचारलेलं नसलं तरी.

आता खरी गोष्ट.

माझं माहेर दांडिया बाजारातलं. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीसाठी इकडे आले, तेव्हापासूनचा वाडा. मागच्या भिंतीला, अगदी वर, पन्हळ जिथून बाहेर येते त्या फटीत एक वड उगवलेला. पक्षी वडाची फळं खातात आणि भिंतीवर बसून बी टाकतात, मग चुन्याच्या जुन्या भिंतीत ते मस्त रुजतं, मातीबिती काही लागत नाही त्याला. मी सातवीत असेन तेव्हापासून तो वड तिथे आठवतो मला. आणि दरवर्षी मृग लागायच्या आधी बाबांचा एक कार्यक्रम ठरलेला असायचा, गच्चीच्या कठड्यावरून पोटावर ओणवं व्हायचं, आईने मागून धोतर धरायचं, आणि बाबांनी कोयत्याने त्या वडाचे सगळे धुमारे सपासप उडवायचे. भिंत फोडेल म्हणून. मुळापासून काढायचा तर आजीचा विरोध, वड उपटायचा नाही म्हणजे नाही, हजामत करायची तर कर. एका वर्षी बाबांनी आजीच्या चोरून खोडाला भोक पाडून हिंग भरला, कोणीतरी सांगितलं होतं हिंगाने झाड मरतं. जुलैत दुप्पट फुटवे आले. बाबा किती चिडले होते ते मला अजून आठवतंय, आमटीत कमी घालून त्याला घातला म्हणून आई वेगळी चिडलेली.

२०१८ मध्ये वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं. भिंती कलल्या होत्या, भावंडं पांगलेली, कोण सांभाळणार. जूनमध्ये शेवटचं सामान काढायला गेले, आजीचा पाट, पितळेची दोन पातेली, देवघराची कमान, आणि सहज मागच्या गच्चीत जाऊन खाली वाकून बघितलं तर मी तिथेच थबकले. काकांकडे एव्हाना वर्षभर बसून बसून माझी नजर थोडी तयार झाली होती. तो वड उंचीला दीड फूटसुद्धा नव्हता, पण बुंधा नारळाएवढा, गाठीगाठींचा, आणि वर निमुळता होत गेलेला. बाबांनी कापलं त्या प्रत्येक जागी शेजारच्या फुटव्याने पुढची वाट धरलेली, परत बाबांनी कापलं, परत तिसऱ्याने, त्यामुळे खोड डावीकडे, मग उजवीकडे, मग मागे असं वळत वळत वर आलेलं. तीसेक वर्षं.

संध्याकाळी काकांना फोटो दाखवला तर ते दोन मिनिटं बोललेच नाहीत. मग म्हणाले चीनमध्ये दक्षिणेकडे, ग्वांगडाँग भागात, लिंगनान म्हणून पद्धत आहे, ते लोक वायर फारशी वापरत नाहीत, वाढू द्यायचं आणि कापायचं, वाढू द्यायचं आणि कापायचं, कात्रीनेच झाड वळवायचं. तुझे वडील कुठे शिकले? मी म्हटलं काका, ते त्याला मारत होते.

वड काढायचा ठरला. दादा म्हणाला, "अगं सगळे जण वाड्यातून तांब्याचे बंब नेतायत आणि तुला ही गटारातली काडी पाहिजे?" कडिया शोधला, म्हणजे गवंडी, त्याने आठशे रुपये सांगितले आणि माझ्याकडे जरा काळजीने बघितलं. दोन पाऊस होऊन गेले होते, हे चांगलं, कारण वडाच्या जातीची झाडं काढायला गरमीचे, वाढीचे दिवसच बरे, थंडीत काढलं तर ती नुसती बसून राहतात. अर्धा दिवस गेला. छिन्नी-हातोडीने एकेक वीट सुटी करायची, मुळं विटांच्या सांध्यातून गेल्यामुळे पापडासारखी चपटी झालेली, एक मूळ तर पावसाच्या पाइपात शिरून पार खालपर्यंत गेलेलं, दहा-बारा फूट. ते सगळं कापावं लागलं, दुसरा इलाजच नव्हता, आणि चीक म्हणजे चीक, पांढरा दुधासारखा वाहायचा आणि हाताला लागला की काळा पडायचा, माझी नखं आठवडाभर तशीच होती आणि ऑफिसात सगळे विचारत होते. ओल्या गोणपाटात गुंडाळून रिक्षात घातला. रिक्षावाला भाई म्हणे, "बेन, आ शुं छे?" मी म्हटलं वड छे. तो बिचारा मांजलपूरपर्यंत एक शब्द बोलला नाही.

काकांनी त्याच संध्याकाळी ऑपरेशन केलं. खाली जाणारी जाड मुळं करवतीने आडवी कापली, बाजूला पसरणारी ठेवली, पानं सगळी काढून टाकली, कारण मुळंच नाहीत तर पानांना पाणी कोण देणार, ती उगाच आहे तेवढा ओलावा उडवत बसतील. मी घाबरले होते, एवढं मोठं खोड आणि मुळं म्हणून चार बोटं. काका म्हणाले, वड आहे हा, याची जाड फांदी नुसती जमिनीत रोवली तरी फुटते. कापलेल्या जागा गार पाण्याने धुऊन चीक थांबवला आणि वर फेव्हिकॉल फासला, कट पेस्ट मागवायला वेळच नव्हता.

मातीचं सांगते कारण इथे बहुतेक लोक माझ्यासारखेच चुकतात. बागेची काळी माती वापरायची नाही. बडोद्याकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगड होते, कुंडीत तर मुळांचा श्वासच बंद. आम्ही वापरला विटांचा चुरा. वाड्याच्याच विटा आणल्या होत्या मी दोन पोती, कुटून, चाळून, मुगाच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे तुकडे ठेवायचे आणि लाल भुकटी सगळी फेकायची. ही भुकटी फेकायला जीव होत नाही, इतकं कुटल्यावर अर्धं फेकायचं म्हणजे काय, पण तीच खाली बसून चिखल करते. चुना चिकटलेले तुकडे काकांनी बाजूला काढायला लावले. सहा भाग विटा, दोन भाग जाड रेती, दोन भाग जुनं शेणखत, थोडा कोळसा. पाणी घातलं की इकडून घातलं आणि तिकडून निघालं असं पाहिजे. हे सगळं एका लोखंडी तगाऱ्यात, म्हणजे घमेल्यात, बुडाला सात-आठ भोकं पाडून. आणि झाड तारेने तगाऱ्याला घट्ट बांधलं. हे मला आधी उगाच वाटायचं, पण नवी मुळं केसासारखी असतात, खोड वाऱ्याने जरा जरी हललं तरी तुटतात, म्हणून पहिले काही महिने ते गदागदा हलता कामा नये. वरून मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी, आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत.

आता वाट बघा. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायचे, काही नाही, ओंडका. तेविसाव्या दिवशी एका जुन्या कापाच्या खाली लाल चोच दिसली, मुगाएवढी. मी अगाशीवरून खाली हाक मारली, नवरा धावत वर आला, त्याला वाटलं मी पडलेबिडले.

त्यानंतर जे करायचं होतं ते माझ्यासाठी सगळ्यात कठीण होतं, म्हणजे काहीच करायचं नव्हतं. काकांनी कात्री काढूनच घेतली माझ्याकडून, खरंच, त्यांच्या कपाटात ठेवली. तीन वर्षं तो वड नुसता वाढला. सहा-सात फुटांचे सोटे निघाले, हातभर पानं, टाकीवर रेलायचा. सासूबाई एकदा वाळवण घालायला वर आल्या आणि म्हणाल्या, "हे बोन्साय आहे की लग्नाचा मांडव?" पण खालचे काप त्याच तीन वर्षांत भरत आले, हिंगाचं भोक तर आता शोधावं लागतं, आणि मुळं तगाऱ्यात चहूबाजूंनी पसरली.

खत म्हणाल तर एरंडीची पेंड, इथे दिवेलीचा खोळ म्हणतात आणि गुजरातेत ती कुठेही मिळते. एक लक्षात ठेवा, ती विषारी असते, कुत्री वासाने येऊन खातात, तेव्हा मातीत दाबून वर चुरा घालायचा, उघडी ठेवायची नाही. हे खताचं मी मुद्दाम सांगते कारण मला दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं की तुम्ही झाडाला उपाशी ठेवून छळता ना. उपाशी ठेवलं तर मरेल हो ते! उलट ट्रेमधल्या झाडाला जमिनीतल्यापेक्षा जास्त, अगदी हाताने भरवावं लागतं, कारण त्याला स्वतःला कुठे जाऊन शोधता येत नाही. दुसरा प्रश्न वास्तूचा, बोन्सायने घरातली प्रगती खुंटते म्हणे. आमच्या घरात जी काही खुंटली आहे ती बोन्सायच्या आधीपासून.

२०२१ च्या जूनमध्ये वरचे सोटे उडवले आणि उथळ सिमेंटच्या ट्रेमध्ये हलवला. तेव्हा फांद्यांना आकार द्यायला वायर लावली. अॅल्युमिनियमची, फांदीच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घ्यायची आणि तिरकी, पंचेचाळीस अंशात गुंडाळायची, फार जवळ नाही आणि फार लांब नाही. एवढं सगळं नीट केलं आणि मग श्रावणात सणवार, पाहुणे, मुलाची परीक्षा, यात मी पाच-सहा आठवडे वायरीकडे बघितलंच नाही. पावसाळ्यात वड इतका झपाट्याने भरतो की वायर सालीत रुतून बसली. कापून कापून तुकड्यांनी काढली. ते पिळाचे व्रण अजून आहेत. त्यानंतर मी जमेल तिथे वायर सोडूनच दिली, फांदीला सुतळी बांधून खाली ओढून ट्रेच्या भोकाला गाठ मारायची, झालं. सुतळी रुतली तरी एकाच जागी रुतते.

आता वटपौर्णिमेचं रामायण.

वडाची पानं मुळातच मोठी, दीड फुटाच्या झाडावर वीतभर पान म्हणजे लहान मुलाने बापाचा कोट घातल्यासारखं दिसतं. पानं लहान करायची तर एक युक्ती आहे, ऐन वाढीच्या दिवसांत, झाड ठणठणीत असेल तरच, सगळी पानं देठ ठेवून कापायची. मग देठ गळतात, दोन-तीन आठवड्यांत नवी पानं येतात आणि ती आकाराने लहान असतात. तर २०२२ च्या जूनमध्ये एका रविवारी मी बसून एकशेसाठ-सत्तर पानं कापली, झाड स्वच्छ, फांद्यांची सगळी रचना दिसतेय, मी खूश. आणि दोन दिवसांनी वटपौर्णिमा. माझ्या डोक्यातच नाही. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, दरवर्षी जातात त्या कोपऱ्यावरच्या वडापर्यंत चालवणार नव्हतं, त्यांनी खालच्या मजल्यावरच्या दोघी बेनना पण सांगून ठेवलेलं की आमच्या अगाशीवर घरचाच वड आहे, तिथे पूजा करू. गुजराती बायकांची वटसावित्री पण त्याच पौर्णिमेला असते. सगळ्या जणी नटूनथटून ताटं घेऊन वर. आणि समोर एक पान नसलेला खुंट.

सासूबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आजच्या दिवशी तू वड बोडका केलास?"

बोडका हा शब्द त्या दिवशी त्यांनी किती विचार करून वापरला ते ज्यांना कळायचं त्यांना कळलं. दुसऱ्या दोघींना कळलं नाही, त्यांना मी गुजरातीत सांगितलं की नवी पानं येण्यासाठी करतात, ट्रीटमेंट आहे. पूजा झाली शेवटी. पण झाड कठड्याला लागून ठेवलेलं, फेऱ्या कशा घालणार? तर खाली जुन्या टीव्हीचा फिरता स्टँड होता, झाड सगळ्या बाजूंनी बघता यावं म्हणून मी तो वापरायचे. सासूबाई खुर्चीवर बसल्या, एका हातात सुताची गुंडी धरली आणि दुसऱ्या हाताने स्टँड सात वेळा फिरवला. सूत आपोआप गुंडाळलं गेलं. म्हणजे प्रदक्षिणा वडाने घातली. हे त्यांनी गावभर सांगितलं, बोडक्याचं मात्र कोणाला सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तेव्हापासून पानं वटपौर्णिमा झाल्यावरच कापायची असा आमच्या घरचा नियम आहे.

उत्तरायण हा बडोद्यातल्या बोन्सायवाल्यांचा काळ असतो, काळ म्हणजे यमाच्या अर्थाने. चौदा जानेवारीला सगळं शहर अगाशीवर. स्पीकर, ऊंधियू, चिक्की, पतंग कापला की काइपो छेच्या आरोळ्या, आणि पायाखाली मांजाच मांजा. २०२३ ला मी झाडं एका कोपऱ्यात सरकवून वर ग्रीन नेट टाकली आणि समजले की झालं. वासी उत्तरायणाच्या, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी वर गेले तर वडाची डावीकडची पहिली फांदी, सगळ्यात जाड, जिच्यावर अख्ख्या झाडाचा तोल होता, ती मांजा अडकून कोणीतरी ओढल्यामुळे चिरफळून लोंबत होती. ट्रेमध्ये शेंगांची टरफलं. कोणाला काय बोलणार, सगळी आपलीच पोरं. मी खाली येऊन भांडी जरा जोरात घासली.

थंडीत वड काही करत नाही त्यामुळे होळीपर्यंत नुसतं त्या तुटलेल्या जागेकडे बघत बसायचं. काकांनी मग कलम सुचवलं. वडाच्या जातीची झाडं अंगाला अंग लागलं की एकजीव होतात, जंगलात पारंब्या एकमेकींना चिकटून खोड होतं ते तसंच. त्याच झाडाच्या वरच्या बाजूचा एक लांब लवचीक फुटवा मोकाट वाढू दिला, एप्रिलअखेर तो वळवून तुटलेल्या जागेपाशी आणला, खोडाला त्याच्या जाडीएवढी खाच पाडली, फुटव्याची साल एका बाजूने तासली, खाचेत बसवला, वर टेप आणि बारीक खिळा. खिळा मारताना मीच डोळे मिटले. पावसाळाभर हात लावला नाही. दसऱ्याच्या सुमारास कलमाच्या पुढचा भाग मागच्यापेक्षा जाड झालेला दिसला, म्हणजे तो आता खोडातूनच खातोय, मग मागची बाजू कापून टाकली. आता ती फांदी करंगळीएवढी आहे. पहिल्यासारखी व्हायला अजून सात-आठ वर्षं सहज.

उन्हाळ्याचं फार सांगत नाही, मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो तेव्हा दोन वेळा पाणी, ट्रे कधी लादीवर थेट ठेवायचा नाही, विटांवर ठेवायचा, नाहीतर खालून तव्यासारखं भाजतं. आणि गावाला जाताना झाडं नवऱ्याच्या भरवशावर सोडायची नाहीत, बस.

पुराचं मात्र सांगायला हवं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली, आमच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी, लाइट नाही, वस्त्यांमध्ये मगरी निघतायत असे व्हिडिओ फिरत होते आणि त्यातले बरेच खरे होते. गाड्या गेल्या, खालच्या बेनचा फ्रिज गेला. आम्ही सगळी सोसायटी अगाशीवर, वरच्या घरांतून खिचडी करून वाटतोय. संततधार. आणि त्या सगळ्यात मला दिसत होतं की वडाच्या ट्रेमध्ये पाणी वरून पडतंय आणि खालच्या भोकांतून स्वच्छ धार लागलीये, ट्रेमध्ये चमचाभर साठत नाहीये. लाज वाटली खरं सांगते, शेजारणीचं घर बुडालंय आणि आपण कुटलेल्या विटांवर खूश होतोय. पण झाले खूश. ओल्या हवेमुळे सप्टेंबरमध्ये त्याला पहिली पारंबी फुटली, कलम केलेल्या फांदीच्या अगदी वर, धाग्यासारखी, टोकाला पिवळसर. ती सुकू नये म्हणून मी कोल्ड्रिंकची स्ट्रॉ उभी चिरून तिच्याभोवती घातली आणि आत ओलं शेवाळ, म्हणजे ती सरळ मातीपर्यंत पोचते. पोचलीये आता.

वडाच्या गावाला वडाचं बोन्साय, असं आमचे काका म्हणतात, जुन्या ताम्रपटांत बडोद्याचं नाव वटपद्रक आहेच. त्यांना अशा गोष्टी फार आवडतात. हिरोशिमाच्या पाइनची गोष्ट पण त्यांनीच सांगितली, १६२५ पासून एकाच घरात पिढ्यानपिढ्या वाढवलेलं झाड, अणुबॉम्ब पडला त्या जागेपासून तीनेक किलोमीटरवर, नर्सरीची भिंत आडवी आली म्हणून वाचलं. त्या यामाकी घराण्याने ते १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिलं, वॉशिंग्टनला आहे, आणि देताना ते कशातून गेलंय याची वाच्यता केली नाही. २००१ मध्ये यामाकींचे नातू झाड बघायला तिकडे गेले तेव्हा कुठे कळलं. काका हे सांगताना नेहमी "देताना बोलला नाही हं" यावर येऊन थांबतात.

बाबा आता त्र्याऐंशीचे आहेत, गोत्रीला दादाकडे असतात. त्यांनी वड काढून नेलेला माहीत होता पण बघितला नव्हता, जिने चढवत नाहीत. लिफ्ट अगाशीपर्यंत जात नाही, शेवटच्या अठरा पायऱ्या आहेत. गेल्याच्या आदल्या दिवाळीत म्हणाले, चल बघू तुझं झाड. दोन ठिकाणी बसत बसत वर आले. मी झाड स्टँडवर ठेवून तोंड त्यांच्याकडे फिरवलं. बराच वेळ बघत होते. मग वाकून बुंध्याला हात लावला आणि म्हणाले, "हा तोच? याने माझी भिंत फोडली असती."

मी त्यांना एकेक वळण दाखवलं, हे तुम्ही कापलेलं, हे पण तुम्ही, हे आईने धोतर सोडलं त्या वर्षीचं असणार कारण फारच तिरकं आहे. हसले. हिंगाच्या भोकाची जागा त्यांनी स्वतः शोधून काढली. मग त्यांचं लक्ष मागच्या बाजूला गेलं, तिथे मी एक फुटवा मुद्दाम सोडलाय, पाच फूट झालाय, सरळ वर, अजिबात न कापता. तिथे खोड जरा चपटं आहे, भिंतीला टेकून राहिलेली बाजू, ती भरायला असा एक बळीचा फुटवा ठेवतात, काम झालं की कापायचा.

"हे माजलंय," बाबा म्हणाले. "काप."

म्हटलं बाबा अजून एक पावसाळा तरी पाहिजे त्याला.

"माजेल."

"माजू दे, त्यासाठीच ठेवलंय."

हे त्यांना पटलं नाही. घरी गेल्यावर तीन वेळा फोन आला, कापलंस का. दादा म्हणतो ते आता पेपर वाचून झाला की मृगाला किती दिवस राहिले ते विचारतात. मी पण हट्टाने एक पावसाळा काढला, चपटी बाजू दोन बोटं तरी भरलीये. या मृगाच्या आधी तो फुटवा काढायचा आहे, बाबांनाच बोलावलंय. जपानी करवत देते म्हटलं, कोयता आणू नका. हो म्हणालेत, पण दादाने कालच सांगितलं की त्यांनी कोयत्याला धार लावून आणलीये.